शेवटच्या घंटेपर्यंत

सुनंदा वहिनींना जाऊन तेवीस दिवस झाले होते. सकाळी मी दादाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकत होतो, तेव्हा माझ्या फोनवर विद्यापीठाचा मेसेज आला. वहिनींचं प्रवेशपत्र निघालं होतं, पहिला पेपर पुढच्या सोमवारी. त्यांच्याकडे स्वतःचा फोन फार उशिरा आला, म्हणून फॉर्मवर नंबर दरवर्षी माझाच असायचा. अस्थी ग्वारीघाटाला नदीत सोडून झाल्या, तेराव्याचं जेवण झालं, रेशन कार्डावरून नाव कमी करायचा अर्जसुद्धा मी देऊन आलो होतो. विद्यापीठाला कळवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. तेवढ्या एका ठिकाणी वहिनी अजून परीक्षार्थी होत्या.

दादाने विचारलं, कोणाचा मेसेज आहे? मी म्हटलं, मोबाइल कंपनीचा.

आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. वडील फॅक्टरीत, दादा फॅक्टरीत. मी महाराजपूरहून सायकलने विद्यापीठात जायचो आणि हे मी आजही मान वर करून सांगतो. लोक म्हणतात, त्या विद्यापीठात काय ठेवलं आहे, निकाल उशिरा, पंखे बंद. असेल. पण मला आयुष्यात पहिल्यांदा 'आप' तिथल्या एका सरांनी म्हटलं. तोवर मोहल्ल्यात मी 'अबे'च होतो. वाचनालयात संध्याकाळपर्यंत बसता यायचं, काहून बसला म्हणून कोणी विचारत नसे. टपरीवर एका चहात दोन तास भांडायचो, तेही अशा गोष्टींवरून की ज्यांचा आमच्या घराशी काही संबंध नव्हता. मार्कशीटवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पण माझी नोकरी, चारचौघांत बोलायची हिंमत, हा लेखसुद्धा तिथूनच आलेला आहे.

वहिनी छिंदवाड्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा बारावी पास होत्या. दोन वर्षांत आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात चमचा राहिला, तो ती पलंगाशेजारच्या स्टीलच्या पेल्यावर वाजवायची. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, कधी कधी तर कोणी आहे की नाही एवढंच बघायला. वहिनी तव्यावरची पोळी तशीच सोडून धावायच्या. अकरा वर्षं… मी वरच्या मजल्यावर राहायचो, मला तो आवाज जिन्यातून यायचा. वर आला की तो बारीक होत असे, आणि बारीक आवाजाची माणसाला लवकर सवय होते.

त्याच वर्षांत त्यांनी बी.ए. केलं, प्रायव्हेट. म्हणजे वर्गात पाय न ठेवता घरी वाचायचं आणि वर्षातून एकदा सेंटरवर जाऊन पेपर द्यायचे. त्या चार-पाच दिवसांत माझी बायको आईजवळ बसायची. प्रवेशपत्र हा सरकारी शिक्क्याचा कागद, त्याच्यापुढे आमच्या घरात कोणी काही बोलत नसे.

बी.ए. झाल्यावर वहिनींनी कोणाला न सांगता विद्यापीठाच्या विभागात रेग्युलर एम.ए.चा फॉर्म भरला, आणि यादीत त्यांचं नाव आलं. रोज अकरा ते तीन वर्ग. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा त्यांनी तो कागद दादाच्या ताटाजवळ ठेवला. दादाने वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"तू शिकलेला आहेस, तू सांग. तिथं जाऊन बसल्यानं काय फरक पडते?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आतून पेला वाजला. त्या उठल्या नाहीत. तो आवाज ऐकूनही त्या जागेवर बसून राहिलेल्या मी तेवढ्या एकदाच बघितल्या. फरक काय पडतो, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी म्हटलं, "डिग्री तर सारखीच असते, वहिनी. प्रायव्हेटच करा ना."

हे खोटंही नव्हतं. दोन्ही डिग्र्यांवर शिक्का एकच असतो. पण वहिनी रोज अकराला निघाल्या असत्या, तर आईजवळ कोण बसणार हा प्रश्न जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आला असता. तो वर येऊ नये म्हणून मी ते वाक्य बोललो. दादा अडाणी म्हणून नाही म्हणाला असता तर वहिनी भांडल्या असत्या. शिकलेल्या माणसाशी कशा भांडणार?

"अच्छा," एवढंच त्या म्हणाल्या. कागदाची घडी केली आणि आईकडे गेल्या.

त्यानंतर एम.ए. सुरू झालं ते थांबेचना. हिंदी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास. एक संपलं की दुसऱ्याचा फॉर्म. शेजारचे विचारायचे, भाभीजी, अब मोहल्ले का नाम आपके नाम पर रख दें? दादा म्हणायचा, आमच्या घरात खुर्च्या कमी आणि डिग्र्या जास्त. वहिनी हसायच्या. मलाही तो शौकच वाटत होता. आई गेल्यावर मी एकदा मोठ्या मनाने म्हटलं, आता जा की रेग्युलरला. त्या मेथी निवडत होत्या. "आता कुठं, भाऊजी. मी पेपर देऊन राहिली ना." पुढे दादा रिटायर झाला, साखरेने त्याची नजर अधू केली. घरात हाक मारणारं माणूस बदललं, एवढंच.

वहिनी गेल्या, त्या दुपारीही दादा आतून हाकाच मारत होता. त्या ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. त्याला वाटलं, ऐकून घेत नाहीये.

सोमवारी मी सेंटरवर गेलो. काहून गेलो, मलाच सांगता येणार नाही. फाटकाजवळच्या बोर्डावर बैठक व्यवस्था लावलेली होती. खोली नंबर सहा, अर्थशास्त्र, त्यात वहिनींचा रोल नंबर आणि नाव. मी त्याच्यावर बोट ठेवून उभा होतो, तेव्हा मागून एका बाईंनी विचारलं, भाभीजी नहीं आईं? त्या सिहोऱ्याच्या एका छोट्या शाळेत शिकवतात, बसने येतात, आणि चार वर्षांपासून वहिनींबरोबर पेपर देतात. मी सांगितलं. त्या बराच वेळ पिशवीचा बंद पिळत राहिल्या.

"पेपर तो उनका डेढ़ घंटे में हो जाता था, भैया," त्या म्हणाल्या. "फिर आंसर-शीट बंद करके बैठी रहती थीं, आख़िरी घंटी तक. मैंने एक बार पूछा, चलती क्यों नहीं? बोलीं, यहाँ तीन घंटे मुझे कोई आवाज़ नहीं दे सकता."

घंटा झाली, त्या आत गेल्या. मी फाटकासमोरच्या कठड्यावर बसलो. मला जे विद्यापीठाने रोज दिलं होतं, ते वहिनींनी वर्षातून चार-पाच वेळा, तीन-तीन तास करून घेतलं. वर्गात बसायची जागा मी त्यांच्याकडून काढून घेतली, तर त्यांनी परीक्षेच्या बाकावर जागा केली. घरून दोनदा फोन आला. मी उचलला नाही. सहा नंबरच्या खोलीत एक बाक रिकामा असेल, त्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली असेल, आणि कोणीतरी तिच्यापुढे अनुपस्थित लिहिलं असेल. शेवटची घंटा होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

पेपर लिहिताना खाली धरायचा त्यांचा गत्ता स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. क्लिप गंजली आहे, कोपरे सुती दोऱ्याने शिवलेले आहेत. तो काढून मांडीवर घेऊन मी हे लिहायला बसलो. ठरवलं होतं, तीन तास उठायचं नाही. दादाने आतल्या खोलीतून पहिली हाक पाण्यासाठी मारली, दुसरी रेडिओसाठी. मग नुसतीच, कोणी आहे का बघायला. चौथ्या वेळी म्हणाला, "काहून रे, ऐकू नाही येऊन राहिलं?"

येऊन राहिलं.

पाचव्या हाकेला मी गत्ता खिळ्याला अडकवला आणि उठलो. घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं झाली होती.