दोन्ही कान दिसले पाहिजेत

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांचे कान पाहिले. ओळखपत्र असो, परवाना असो की पासपोर्ट, फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, कपाळावर केस नकोत, चेहऱ्यासमोर काहीही नको. चौतीस वर्षं हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की आसपासच्या दुकानांत त्यांचं नाव 'कानवाले' पडलं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हे कॅमेऱ्यामागून उठून यायचे, बोटाच्या टोकाने त्याची बट मागे सारायचे, कॉलर बसवायचे आणि मगच बटण दाबायचे. भलेभले साहेब त्यांच्यासमोर मुकाट्याने हनुवटी वर-खाली करत.

दुसरी सवय पेन्सिलीची. प्रत्येक फोटोच्या पाठीवर नाव, तारीख आणि किती प्रती काढायच्या ते लिहायचं. पेनाने नाही, शाई पुढे उमटते म्हणे. आमच्या लग्नाच्या फोटोमागेही 'प्रती सहा' लिहिलेलं आहे. त्यावरून मी एकदा घर डोक्यावर घेतलं होतं, नंतर नाद सोडला.

मग लोक घरातल्याच भिंतीसमोर उभे राहून मोबाइलवर फोटो काढायला लागले आणि स्टुडिओ बंद झाला. शेवटच्या दिवशी ह्यांनी स्टूल आणि दोरीला कंगवा बांधलेला आरसा घरी आणला, आतल्या खोलीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जवळजवळ वर्षभर. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. मी पुढच्या खोलीत शिलाईचं काम करते, कुणाची चेन बदलून दे, कुणाची पँट आखूड करून दे. मशीन चालवता चालवता मध्येच पाय थांबवायचे आणि आतून काही आवाज येतो का ते ऐकायचे. मी घाबरले होते. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता लिहायला हरकत नाही.

त्यांना उठवलं ते तळ्याने. लेकीने वाढदिवसाला लांबचं दिसणारी लेन्स पाठवली. निदान मुलीचं मन मोडायला नको म्हणून हे एका सकाळी घरापासून पंधरा मिनिटांवरच्या तळ्यावर गेले आणि एका पाणकोंबडीचा हललेला फोटो घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. महिन्याभरात गमबूट आले, घडीचं स्टूल आलं. जेवताना तक्रारी सुरू झाल्या, आज बगळ्याने शेवटपर्यंत मान वळवली नाही, बदकं पाठमोरीच बसली. मी म्हणायचे, "सांगायचं ना त्यांना, हनुवटी वर घ्या म्हणून." ते हसायचे. वर्षाने ऐकलेल्या त्या हसण्यासाठी मी त्या बगळ्याची आयुष्यभर ऋणी राहिले असते.

अशात त्यांना टिबुकलीचं घरटं सापडलं. टिबुकली म्हणजे बदकासारखा दिसणारा, पण मुठीएवढा पक्षी. पाहता पाहता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तिचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा कुजक्या पानांचा ढीग. काठालगत पाणकणसाची दाटी होती, माणसाच्या उंचीची लांब हिरवी पाती, त्यांच्या आत ते अडकवलेलं होतं. चार अंडी होती. तीन दिवस ह्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. फक्त प्रत्येक फोटोत एक तरी पातं मध्ये यायचं, नेमकं तिच्या डोळ्यावर.

चौथ्या दिवशी ते आले आणि बूट न काढताच कॅमेरा माझ्यासमोर धरला. फोटो खरंच देखणा होता. टिबुकली घरट्यावर बसलेली, गालाचा तांबूस रंग, डोळ्यात उजेडाचा ठिपका. समोर एकही पातं नाही.

"पाती कुठे गेली?" मी विचारलं.

"कापली. आठ-दहाच. तुझी धाग्याची कात्री नेली होती."

कात्री त्यांनी माझ्या मशीनच्या खणात परत ठेवली. मी म्हटलं, छान आलाय फोटो. त्यात काही वावगं आहे असं ह्यांना वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही. गिऱ्हाइकाची बट मागे सारावी, तितकंच ते होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच दार वाजलं. हे स्टूल न घेताच आले होते आणि चिखलाच्या बुटांनी थेट माझ्या मशीनपर्यंत चालत आले.

"कावळ्याने एक नेलं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत."

एवढं बोलून ते आतल्या खोलीकडे निघाले. मी मशीनवरून ताडकन उठले. एक अंडं गेलं म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर तेव्हा मला अंड्याचं काहीच वाटत नव्हतं. ती खोली, तो पलंग आणि ती भिंत मला दिसत होती. मी त्यांचा दंड धरला. "बूट काढू नका. आधी वहीवाल्या बाईंकडे जाऊ."

वहीवाल्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या जीवशास्त्राच्या शिक्षिका. रोज सकाळी दुर्बीण आणि वही घेऊन तळ्यावर बसतात, कोण आलं, कोण गेलं, सगळ्याची नोंद. ह्यांनी त्यांना आदल्या दिवशीचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि कौतुक करायचं सोडून विचारलं, "इतकी मोकळी कशी दिसतेय ही?"

ह्यांनी सांगितलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डोळे मिटले. "पाती तिचा आडोसा होती हो. आता त्या विजेच्या खांबावरून कावळ्याला सगळं उघडं दिसतंय. उरलेलीही नेणार तो."

"मी बसतो राखण करत," हे म्हणाले.

"दोन आठवडे आहेत अजून पिल्लांना. किती दिवस बसाल? आणि तुम्ही हातवारे केलेत की तीही उठून जाणार." बाईंनी वही मिटली. "एकदाच आत जा. पाती परत उभी करा आणि लगेच बाहेर या. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. अंडी गार पडतात. आणि फार बिथरली तर ती घरटंच सोडून देईल."

ह्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्या वर्षानंतर त्यांचे हात थोडे थरथरतात. कॅमेरा टेकवून धरता येतो, पण गाठ मारता येत नाही, शर्टाचं वरचं बटण मीच लावते. मी म्हटलं, "बांधायचं काम माझं. तुम्ही फक्त वाट दाखवा."

तासाभरात तयारी केली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाची पाती आणली, तीन बारीक काठ्या घेतल्या आणि जीन्सला वापरते त्या जाड निळ्या दोऱ्याने काठीला पाती बांधून तीन पडदे केले. मला पोहता येत नाही. तळ्यात मी पाय कधी घातला नव्हता. गुडघ्यापर्यंत पाणी येईल असं हे म्हणाले होते, ते मांडीपर्यंत आलं. बुटांत पाणी शिरलं आणि एकेक पाय चिखलातून उपटून काढावा लागत होता.

टिबुकली आम्हाला पाहून सरकन पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. एरवी ती जाताना अंडी ओल्या पानांनी झाकून जाते, आज तिला तेवढीही सवड मिळाली नाही. तीन अंडी उघडी पडली होती. किती लहान! ह्यांनी ओलं शेवाळ उचलून त्यांच्यावर घातलं, त्या थरथरत्या हातांनी, पण एकाही अंड्याला बोट न लावता.

मी पहिली काठी रोवली, दुसरी रोवली. तिसरी कलंडली आणि तिचा दोरा सुटला.

"असू दे, चल आता," हे कुजबुजले.

"थांबा, एकच गाठ."

सैल काम मला बघवत नाही. ती गाठ मारली तर शेजारची ढिली वाटली. ती आवळली तर मध्ये फट दिसली, तिथे आणखी दोन पाती खोचली. काठावर बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. मी पाहिलं आणि तरी शेवटची गाठ दुहेरी मारली. बाहेर आलो तेव्हा बाई म्हणाल्या, "अठरा मिनिटं."

मग आम्ही लांब झाडामागे जाऊन उभे राहिलो. टिबुकली येईना. कावळा खांबावर बसून मान तिरकी करत होता. हे चष्मा काढत, पुसत, पुन्हा घालत. वीस मिनिटं झाली, तीस झाली. माझे ओले पाय गार पडले होते आणि मनात एकच हिशेब चालू होता, माझे पाय एवढे गार तर ती अंडी किती. चाळीस मिनिटांनी पाण्यावर एक रेघ उमटली, पात्यांच्या बुडाशी काहीतरी हललं.

"बसली," बाई म्हणाल्या. मी तिथेच मातीत बसकण मारली.

पडदे इतके छान जमले होते की आता कावळ्यालाही आतलं दिसेना आणि आम्हालाही. पुढचे सोळा दिवस आमचा जीव टांगणीला लागला. हे रोज पहाटे जाऊन लांब बसायचे, कॅमेरा घरीच, हातात माझा जुना टॉवेल. कावळा फार खाली आला तर तेवढा हलवायचा. मीही सकाळी मशीन बंद ठेवून त्यांच्याबरोबर जायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली, म्हटलं कुरकुरू देत. अंडी अजून आहेत की नाहीत, काही कळायला मार्ग नव्हता. घरी घास तोंडापाशी नेऊन हे मध्येच थांबायचे. लेक फोनवर विचारायची, "बाबा पुन्हा आडवे नाहीत ना?" मी म्हणायचे, नाहीत, आणि बोलता बोलता आत डोकावून घ्यायचे.

एका दुपारी खरंच आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. मी दारात उभी राहिले, आत जायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने ते तसेच म्हणाले, "अगं, झोपलो नाहीये. बसून बसून पाठ दुखतेय." मी त्यांच्यावर जी खेकसले ती केवळ सुटकेने.

सोळाव्या दिवशी मी हट्टाने कॅमेरा त्यांच्या गळ्यात घातला. ऊन वर आल्यावर पात्यांमधून टिबुकली बाहेर सरकली, नेहमीपेक्षा सावकाश. तिच्या पाठीवरच्या पिसांतून दोन इवलीशी डोकी वर आली होती, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. मला हुंदकाच फुटला.

ह्यांनी कॅमेरा लावला. बरोबर मध्ये एक पातं येत होतं, मी बांधलेलं. निळी गाठ इथूनही दिसत होती.

"अहो, जरा डावीकडे सरका. पातं येतंय तिच्या तोंडावर."

"येऊ दे," ते म्हणाले आणि बटण दाबलं. मग कॅमेरा खाली करून विचारलं, "तिसरं?"

मी बाईंची दुर्बीण घेतली. दुसरी टिबुकली, पिल्लांचा बाप, चोचीत काहीतरी घेऊन आला होता. त्याने एकाला भरवलं, मग दुसऱ्याला. तिसरं तोंड पुढे आलं नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. दोनच होती.

"आहे," मी म्हटलं. "पिसांत दडलंय. चोच दिसली मला."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे पुसले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर एकटीला गाठून म्हणाल्या की एखादं अंडं तसंही उबत नाही, त्याचं काही कारण सांगता येत नाही. असेलही. पण दहा मिनिटं सांगितली होती आणि मी अठरा घेतली. त्यातल्या निम्म्या गाठी गरजेच्या नव्हत्या. रात्रंदिवस मशीनवर बसून मी ती आठ मिनिटं मोजत होते आणि ह्यांना सांगायची छाती होत नव्हती. बोलले तर माझी चूकही ते आपल्याच अंगावर घेतील, आणि पुन्हा तो पलंग.

ह्यांनी फोटो छापून आणला आणि स्टुडिओतल्या चिमट्याने आतल्या खोलीत, कंगव्याच्या आरशाशेजारी टांगला. पात्याने टिबुकलीचा एक डोळा झाकला आहे, माझी निळी गाठ मात्र ठळक दिसते. आठवड्याने धूळ पुसताना तो चिमट्यातून निसटला आणि पालथा पडला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं:

'टिबुकली. अंडी चार. पिल्लं दोन. पाती कापली, मी. प्रती एक.'

दोन, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बाहेरच्या खोलीत ते गमबूट चढवत होते, तळ्यावर जायला उशीर झाला म्हणून स्वतःशीच पुटपुटत. पेन्सिल आरशामागे असायची तिथेच होती. मी ती घेतली आणि खाली लिहिलं: 'गाठी मारत बसले, मी.' मग फोटो पुन्हा चिमट्याला लावला.

त्यावर आमच्यात बोलणं झालं नाही. परवा ते तळ्यावर गेल्यावर मी फोटो उलटून पाहिला. माझ्या ओळीखाली त्यांनी काही लिहिलं नव्हतं. वर फक्त 'प्रती एक' खोडून 'प्रती दोन' केलं होतं.