फूटपट्टीचं खमीर

माझ्या धाकट्या दिरांना गल्ली फूटपट्टी म्हणते. माणूस इतका सरळ, की वाकवायला जाल तर मोडेल. पाव भाजण्यात त्यांचा जन्म गेला. बेकरीत अर्धी भागीदारी मेव्हण्याची, म्हणजे माझ्या जावेच्या भावाची. दोघांचं फाटलं आणि मेव्हण्याने दावा लावला. सुनावणीला तोंड लागायच्या आधीच त्याचा वकील कोर्टाला म्हणाला, "हा माणूस सगळं विकून पसार होईल."

पसार! भावजी लग्नाला परगावी गेले तरी जेवण उरकून परत येणारे.

तरी हुकूम निघाला. बेलिफाने दारावर कागद चिकटवला. निकाल लागेपर्यंत बेकरीतलं काही विकायचं नाही, द्यायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. बँकेतलं खातंही गोठवलं. भट्टी थंड पडली. भावजींचा जीव मात्र अडकला खमिरात. माझ्या सासऱ्यांच्या हातचं ते. रोज अर्धं काढून पावाच्या पिठात घालायचं आणि उरलेल्याला ताजं पीठ-पाणी द्यायचं, तरच जगतं.

मी म्हटलं, "पाव नाहीत तर अर्धं टाकून द्या."

"वहिनी, बाहेर न्यायचं नाही असं लिहिलंय."

"अहो, कचऱ्यात!"

"कचऱ्याचा डबा काय आत असतो?"

घ्या! त्यांनी काढणं बंद केलं, घालणं चालू ठेवलं. बरणी भरली, पातेली भरली, बादल्या भरल्या. जाऊ माझ्याकडे येऊन बसली. "आज कपड्यांचा टब नेला. उद्या मलाच म्हणतील, तोंड उघड."

जितकं खमीर वाढे तितकं जास्त पीठ खाई. पिठाच्या गोण्यांनी तळ गाठला. नवीन आणायला खात्यातला पैसा हलत नव्हता. आता खमीर उपाशी मरणार, म्हणून भावजींचा घास उतरेना. शेवटी मीच त्यांच्या वकीलबाईंना बोलावून आणलं. बाई दारातच थबकल्या.

"काका, हे काय?"

"काही बाहेर नेलेलं नाही. मोजून घ्या."

बाई हसता हसता स्टुलावर बसल्या. "हुकूम माल पळवू नये म्हणून असतो. रोजचा धंदा चालवायला परवानगी मागता येते. मला विचारायचं तरी!"

"विचारलं की फी. आणि खातं गोठलेलं."

बाईंनी अर्ज केला. तारखेला समोरचा वकील उठला. "साहेब, पिठाच्या गोण्या कमी झाल्यात!"

भावजी उभे राहिले. "गोण्या रिकाम्या झाल्या, पीठ आतच आहे. चला, दाखवतो. फक्त चप्पल बाहेर काढा, आत चिकटेल."

न्यायाधीशांनी मेव्हण्याला विचारलं, "खमीर मेलं तर तुमच्या वाट्याला काय येईल?"

तो खाली बघत म्हणाला, "भट्टीच्या विटा."

मग ठरलं. पाव भाजायचे, विकायचे, पीठ आणायला पैसे काढायचे आणि हिशोब कोर्टात द्यायचा. भट्टी आणि जागा मात्र विकायची नाही.

बाहेर पायऱ्यांवर मेव्हणा घुटमळला. "दाजी, सगळं एकदम भाजू नका. जुनं आंबट असेल."

"मला शिकवतोस?"

कित्येक महिन्यांत दोघं एकमेकांशी एवढंच बोलले. भावजींनी ऐकलं नाही. पहिला पाव खाऊन माझे उरलेसुरले दात शिवशिवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप बादल्या ओतून दिल्या आणि बरणीपुरतं ठेवलं. दावा अजून चालूच आहे. मेव्हणा पाव मात्र इथूनच नेतो, रोख देऊन.