गावातल्या लोकांशी बोलायचं होतं

तात्यापारा मोहल्ल्यात जुन्या गेम बदलून देणाऱ्या दुकानात मी त्यांना एकदाच पाहिलं. पन्नाशीच्या बाई, हातात भाजीची पिशवी. मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यापासून तिचा गेम कन्सोल त्याच चालवत होत्या.

“लेवल वाढवाले त्याच त्या राक्षसाले दहादा मारा लागते, तसा खेळ नको भैया,” त्या दुकानदाराला सांगत होत्या. “मले फक्त त्यातल्या गावच्या लोकाईशी बोलाचं आहे.”

तो हसला. “आंटी, बिना लड़े गेम आगे कैसे बढ़ेगा?”

मी बदलायला आणलेली गेम तशीच होती, लढाई नावापुरती आणि गोष्ट भरपूर. अनोळखी माणसांशी मी बोलत नाही, तरी डिस्क त्यांच्यापुढे धरली.

“यात सगळे बोलतात,” मी म्हटलं. “पण पुन्हा विचारलं की तेच उत्तर देतात.”

त्यांनी कव्हरवरच्या चिमुकल्या घरांवरून बोट फिरवलं.

“चालते वं पोट्टी. माझी लेक बी फोनवर रोज तेच सांगते. जेवली, बरी आहे, ठेवते. तरी मी रोज विचारतोच ना.”

डिस्क भाजीच्या पिशवीत नीट ठेवून त्या निघाल्या. त्यांनी मलाही काहीतरी विचारावं, असं फार वाटत होतं.