चाड्यावरची मूठ

मालगुजारानं छत्रीच्या दांड्यानं माझ्या मनगटावर मारलं, तेव्हा माझ्या मुठीत ज्वारीचं बी होतं. सगळं सांडलं. तिफणीचे बैल थांबले. बैल हाकणारा सालदार खाली मान घालून उभा राहिला.

"तुले कोनं सांगतलं चाड्याले हात लावाले?"

मी म्हटलं, "ओल उडून चालली होती, मालक. काकीबाई तापानं पडल्या."

चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. त्यात मूठ धरून बी सोडत जायचं, ते नळ्यांतून खाली तिफणीनं ओढलेल्या तासात पडतं. त्या घरात ही मूठ मालगुजाराची वहिनी, म्हणजे काकीबाई, धरायची. त्या दिवशी ती अंथरुणात. सालदारच मला म्हणाला, तू धर. मी धरली. दोन फेऱ्या झाल्या, सहा ओळी. सरळ पडल्या होत्या, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. वर्षानुवर्षं नुसतं बघून शिकले होते.

मालगुजारानं चाडं धुवायला लावलं. मग त्या सहा ओळींवर वखर फिरवायला लावला. पेरलेलं मोडलं. मी बांधावर उभी राहून बघितलं. सोळा-सतराची असेन. मनगट सुजलं होतं, पण रडू आलं ते ओळींसाठी.

आणि ते बी कुणाचं? आमच्याच झोपडीतलं.

हे नीट सांगते. कापणीच्या आधी माय रानात फिरायची. भरली, दाणा टपोरा, कीड नाही, अशी कणसं निवडून खुडायची. त्यांच्या जुड्या बांधून आमच्या चुलीवर आढ्याला टांगायची. वर्षभर धूर लागायचा, भुंगा फिरकायचा नाही. मालगुजाराची ज्वारी पेवात, जमिनीखाली. पेवातला दाणा खायला चालतो. पण आत गरम होतो, त्याचा कोंब मरतो. म्हणून पेरणी आली की त्याचा माणूस टोपली घेऊन आमच्या दारात. बांधावर त्या बियावर गोमूत्र शिंपडायचे. झालं, बी शुद्ध. ते राखणाऱ्या हाताला मात्र शुद्ध करणारं काही निघालं नव्हतं.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा हक्क, सरकारनं काढून घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. नाव गेलं, रान राहिलं. आम्ही मालक म्हणत होतो, मालकच म्हणत राहिलो.

त्या साली पीक चांगलं आलं. बऱ्हाणपूरहून शेतीचे साहेब जीपनं आले. मालगुजाराच्या अंगणात सतरंजी टाकली. आम्ही बाया कुंपणाबाहेर. देशाला धान्य कमी पडतं, बाहेरून बोटींनी आणावं लागतं, आपलं आपण पिकवलं पाहिजे, असं साहेब सांगत होते. मला ते पटत होतं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी एक कणीस हातात घेतलं.

"ये बीज कहाँ का है?"

"हमारे घर का है, साब. बापदादा के जमाने से."

टाळ्या वाजल्या. साहेबांनी मालगुजाराला हार घातला. मी मायच्या तोंडाकडे बघितलं. तिनं पदर दातात धरला होता. वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. मला राग आला तो तिचाच आला. चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी कणसं टांगताना तिचे हात बघितले, धुरानं काळे पडलेले, आणि माझी मला लाज वाटली. मारणारा अंगणात हार घालून बसला होता आणि मी भांडत होते कुणाशी, तर मायशी.

पुढच्या पेरणीला टोपली आली. मी दारात आडवी झाले.

"बी पाहिजे असन तं चाड्यावर मूठ मी धरीन. नाहीतर नाही."

माय मागून म्हणाली, "दे वं पोरी. रानाचा काय दोष?"

मी दिलं नाही. मालगुजार हसला म्हणे. त्यानं पेव उघडलं आणि तेच पेरलं. आठ दिवस झाले, दहा झाले. बारा एकरांत कुठंतरी एखादं हिरवं टोक. मग तो स्वतः आमच्या वस्तीच्या कडेला आला. घोड्यावरून उतरला नाही.

"काय पाहिजे तुले?"

"सांगतलं ना, मालक."

तो परत गेला. गावात दुसऱ्या कुणाकडं एवढं बी नव्हतं. रान पडून राहिलं. माझ्या हातानं पेरलेलं खाण्यापेक्षा त्याला उघडं रान चाललं.

त्या वर्षी गावानं रेशनची तांबडी ज्वारी खाल्ली, बोटीनं आलेली. भाकर धड थापता येत नव्हती. मीही खाल्ली. गावातलं माझं काम बंद झालं, फोपनारला केळीच्या बागेत निंदायला पायी जात होते. लोक मला बोलले. वस्तीतलेही बोलले. माय गेल्या साली गेली. मी बरोबर केलं, असं ती शेवटपर्यंत म्हणाली नाही. ते अजून सलतं.

देशाला धान्य का पुरत नाही, याची कारणं मोठी माणसं सांगतात. पाऊस, खत, विहिरी. तीही खरी असतील. पण आमच्या गावचं ते बारा एकर रान पाण्यावाचून पडलं नव्हतं. कागदावर मात्र कारण म्हणून पाऊसच लिहिला गेला.

आता राज्य नवं झालं. नागपूर मराठी मुलखाकडं गेलं, आम्ही हिंदी राज्यात राहिलो. नाल्याच्या अंगाला सरकारी पडीक आहे, दगडगोट्यांची. त्यातली तीन एकर मागितली. मराठीत अर्ज नेला, हिंदीत आणा म्हणाले. हिंदीत नेला. कचेरीतला बाबू म्हणाला, "आदमी का नाम बताओ, बाई. औरत के नाम पे क्या खेती होगी?"

मी म्हटलं, "पेरनारी मी. माझं नाव लिहा."

नऊ खेपा झाल्या. पाय दुखतात. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. बी जिवंत राहावं म्हणून झोपडीमागच्या हातभर जागेत दरसाल थोडं पेरते, तेवढंच. जमीन माझ्या नावावर चढेपर्यंत त्यातला एक दाणाही दुसऱ्याच्या रानात जाणार नाही. मालगुजाराच्या नाही, हार घालणाऱ्या साहेबाच्या नाही. सोमवारी कचेरीचं दार उघडेल, तेव्हा दारात मी असेन.