सात ते चारच्या काकू

पंधरा वर्षं मी एका हॉटेलच्या काउंटरमागे उभा होतो. बस स्थानकासमोरचं तीन मजली हॉटेल, लिफ्ट नाही, पंखे आवाज करणारे. आमच्याकडे खोल्या दिवसापुरत्याही मिळायच्या, सकाळी सात ते दुपारी चार, अर्ध्या दरात. रात्रीचं गिऱ्हाईक झोपायला येतं, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. दिवसाचं वेगळं. कोणी मुलाखतीला आलेला असतो, कोणाची पुढची गाडी संध्याकाळी असते, आणि कोणी दोघं जण आडनाव विचारलं की आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आमचा मालक म्हणायचा, "दिवसाच्या माणसाला नवा साबण द्यायचा नाही. नऊ तासांत माणूस कितीसा मळतो?" मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि साबण वाचवायचो. नोकरी होती.

या दिवसाच्या गिऱ्हाइकांत एक काकू होत्या. महिन्याचा पहिला गुरुवार त्यांचा. आठवडाभर आधी फोन यायचा, "भाऊ, माझी खोली ठेवा. खालचीच द्या, जिना नको." रात्रभर बसने येऊन सातच्या ठोक्याला दारात हजर. पाय सुजलेले, केस विस्कटलेले, रात्रभर पिळून काढल्यासारखा चेहरा. साडेबाराला खोलीतून बाहेर पडायच्या तेव्हा मात्र ओळखू येऊ नयेत अशा. कपड्यांना कडक इस्त्री, केस चापूनचोपून बसवलेले, तोंडाला थोडी पावडर. चारच्या आत परत येऊन किल्ली द्यायच्या आणि पाचची बस पकडायच्या. आम्ही त्यांचं नावच सात ते चारच्या काकू ठेवलं होतं.

मला माणसं ओळखता येतात अशी माझी समजूत. काकूंची मुलगी इथे दिलेली असणार आणि तिच्या सासरी यांना राहू देत नसणार, असा निकाल मी देऊन टाकला होता. तीन महिने त्या निकालावर खूश होतो. मग एका गुरुवारी त्या इस्त्री मागायला काउंटरवर आल्या. मी म्हटलं, "काय काकू, जावयाकडे बेत दिसतोय."

"जावई कुठला हो, तुरुंगात जायचंय. थोरला आत आहे," त्या म्हणाल्या. मी इस्त्री दिली आणि दिवसभर मान वर केली नाही.

पुढे हळूहळू सगळं कळलं. त्यांचे यजमान सुतार. कपाटं, टेबलं करायचे आणि स्वतःच्या टेम्पोने पोहोचवायचे. थोरल्याने एक दिवस पिऊन तो टेम्पो पुलाच्या कठड्यावर घातला. शेजारी धाकटा बसला होता, सोळा वर्षांचा. धाकटा जागीच गेला. थोरल्याला खरचटलंसुद्धा नाही. थोरल्याला शिक्षा झाली आणि बापाने जाहीर केलं, "मला एकच मुलगा होता, तो गेला." त्यानंतर त्या माणसाने थोरल्याचं नाव तोंडातून काढलं नाही. वर्षभराने रंधा मारता मारता खाली बसला तो उठलाच नाही. काकूंनी दुकान बंद केलं, घर सोडलं आणि बहिणीकडे एका खोलीत राहायला गेल्या.

हे थोरल्याला त्यांनी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? प्रत्येक भेटीत जाळीपलीकडून त्याचा एकच प्रश्न असायचा, "बाबा काही म्हणाले?" आत गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने चादर फाडून दोर केला होता. शेजारच्या कैद्याने पाय उचलून धरले म्हणून वाचला. बाप तळतळाट घेऊन गेला हे कळलं तर पोरगा उरणार नाही, एवढं काकूंना स्वच्छ दिसत होतं. म्हणून घरचं सगळं जागच्या जागी आहे असं दाखवायला त्या इस्त्रीचे कपडे घालून जायच्या, आणि त्यासाठी त्यांना आमची खोली लागायची. बसमधून उतरलेलं ते रूप बघितलं असतं तर पोराला एका क्षणात सगळं कळलं असतं.

एका सकाळी मी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिहीत होतो. त्या वाकून बघत राहिल्या. "भाऊ, तुमचं अक्षर अगदी यांच्यासारखं आहे. कोंबडीचे पाय."

"चांगलं म्हणताय की वाईट?"

"एक पत्र लिहाल?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कोणी काही मागितलं की मी विरघळतो, आणि शिवाय मला लिहायची खाज. पहिलं पत्र चार ओळींचं झालं. 'दुकान चालू आहे. गुडघे दुखतात. आईकडे आता दर वेळी पत्र नको मागूस, मला लिहायचा कंटाळा. वेळेवर जेव.' काकूंनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि घेऊन गेल्या. चारच्या आधी परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "रडला. मग म्हणाला, भूक लागलीय."

झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. दर महिन्याच्या गुरुवारी एक पत्र. मी सुतार झालो. थोरल्याने आतल्या सुतारखान्यात नाव घातलं आणि बापाला विचारलं की खणाचा कोपरा सांध्यात हलतो, काय करू? मला खिळा सरळ मारता येत नाही. मी आमच्या गल्लीतल्या सुताराकडे जाऊन तासभर बसलो, त्याला चहा पाजला आणि उत्तर घेऊन आलो. पुढच्या महिन्यात काकूंनी निरोप आणला, खण हलायचा थांबला. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पगारवाढीलाही झाला नव्हता. पोरगा जेवतोय, झोपतोय, पहारेकरी त्याचं कौतुक करतो, असं त्या सांगायच्या. सांगताना हसायच्या मात्र नाहीत. मला वाटायचं, थकल्या असतील.

दीड वर्ष हे चाललं. शेवटच्या काही पत्रांत माझा हात सुटला होता. काकू एवढंच म्हणाल्या होत्या की, थोडक्यात लिहा, हे फार बोलायचे नाहीत. पण मला लेखकपणाची झिंग चढलेली. मी लिहून बसलो, 'झालं ते झालं. धाकटा काही परत येत नाही. मी तुला माफ केलं आहे. तू बाहेर ये, मी दारात उभा असेन.' ते वाक्य लिहिल्यावर माझेच डोळे भरून आले. काकूंनी ते वाचलं. कागदाची घडी न करताच म्हणाल्या, "एवढं लिहायलाच हवं का?"

"काकू, त्याला तेच तर हवंय," मी म्हणालो. शहाणा ना मी.

त्या पत्रानंतर दोन महिन्यांनी, पहिल्या गुरुवारी, काकू नेहमीसारख्या साडेबाराला गेल्या. भेट दीडची असायची. अडीचलाच त्या परत आल्या. खोलीत गेल्या नाहीत. काउंटरसमोरच्या सोफ्यावर बसल्या. मी पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं.

मग त्यांनी सांगितलं. चांगल्या वागणुकीवर लवकर सुटका मागता येते, त्यासाठी घरच्या कोणीतरी 'याला मी सांभाळतो' असं लिहून द्यावं लागतं. थोरल्याने अर्ज केला होता, आईला न सांगता. सुटून अचानक दारात जाऊन उभं राहायचं होतं त्याला. अर्जात आधी त्याने आईचं नाव घातलं होतं. माझं पत्र आलं, तेव्हा ते खोडून त्याने बापाचं घातलं. चौकशीला अधिकारी जुन्या घरी गेला. तिथल्या भाडेकरूने सांगितलं, ते म्हातारे तर कधीच वारले. अधिकाऱ्याने थोरल्याला कार्यालयात बोलावून विचारलं, मेलेल्या माणसाचं नाव देऊन कोणाला फसवतोस? थोरल्याने खिशातून पत्र काढून दाखवलं. वर तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

अर्ज फेटाळला. आता दोन वर्षं पुन्हा अर्ज नाही.

आधी मला स्वतःचीच भीती वाटली, माझं नाव कुठे निघेल का. एवढा मी थोर. मग विचारलं, "तो काय म्हणाला?"

"ओरडला असता तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. "हळू बोलत होता. म्हणाला, आई, बाबांनी माफ केलं म्हणून मी झोपायला लागलो होतो. आता काय करू?"

"मग?"

"मग म्हणाला, तुला कधी विचारलंच नाही मी. आईला काय विचारायचं, आई ती आईच. पण आज सांग. तू तरी केलंस का माफ?"

बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मी काउंटरच्या बाहेर आलो.

"तुम्ही हो म्हणालात ना?"

काकूंनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

"काकू, हो म्हणालात ना?"

"तशीच निघून आले," त्या म्हणाल्या.

मला राग आवरला नाही. खरं तर तो माझा स्वतःवरचा होता, पण जवळ त्याच होत्या. "अहो, एक शब्द होता! तिकडे तो काय करून घेईल आता? पूर्वी काय केलं होतं ते माहीत आहे ना तुम्हाला? परत जा. अजून तीन वाजले नाहीत, मी येतो बरोबर, पहारेकऱ्याचे पाय धरतो. खोटं तर खोटं, हो म्हणून या. इतकी वर्षं खोटं वागलात, अजून एक!"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. तोंडावरची पावडर घामाने ओघळली होती, ती त्यांनी हाताने पुसली.

"जाळीपाशी उभी होते, भाऊ. तोंड उघडलं होतं. धाकटा डोळ्यासमोर आला आणि शब्दच फुटेना." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला जमलं असतं, तर पत्र मी माझ्याच नावाने लिहिलं असतं की. यांचं नाव कशाला घेतलं असतं?"