अकरा महिन्यांचा पत्ता

गाडी नऊ वर्षांची होती, काळी, दीडशे सीसीची, आणि तिच्यावर शिवून घेतलेलं खाकी कापड घातलेलं होतं. मी इंजिनाखाली हात फिरवला. बोटांना तेल लागलं नाही. चेन सारखी ताणलेली होती. एवढं मला पुरलं.

मला गाडी कामासाठी हवी होती. मी लहान कारखान्यांच्या मालाची दर्जा तपासणी करते. पिरंगुट, चाकण, शिक्रापूर अशा भागात आठवड्यातून चार फेऱ्या होतात. बस जिथे सोडते तिथून कारखाने तीन-चार किलोमीटर आत असतात, रिक्षा परतीचं भाडं धरूनच बोलते, आणि ट्रकांच्या शेजारून स्कूटरच्या लहान चाकांवर जाण्याची माझी तयारी नाही.

गाडीचे मालक शनिवार पेठेत राहणारे निवृत्त चित्रकला शिक्षक होते. सत्तरी ओलांडलेली, आवाज वर्गातला. त्यांनी किंमत एकदाच सांगितली आणि मी ती एकदाच ऐकली. मग त्यांनी अट घातली. पूर्वी त्यांनी एक स्कूटर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊन टाकली होती. घेणाऱ्याने ती नावावर करूनच घेतली नाही, आणि चार वर्षांनी अपघाताच्या चौकशीसाठी पोलीस मास्तरांच्या दारात आले.

"त्यामुळे आता गाडी आधी तुमच्या नावावर होणार, मग किल्ली तुमच्या हातात," ते म्हणाले. "दोन महिने थांबतो. नंतर दुसरं गिऱ्हाईक आहे, त्यांना एवढे प्रश्न पडत नाहीत."

मला अट योग्यच वाटली. मी तरी दुसरं काय केलं असतं?

अडचण माझ्या पासपोर्टची होती. जन्म, शाळा, कॉलेज सगळं माझं पुण्यातलं. पण मग चोवीस वर्षं कॅनडात गेली आणि त्यात नागरिकत्वही तिथलं घेतलं. लग्न संपलं, मुलगी तिच्या मार्गाला लागली, आणि मी सहा महिन्यांपूर्वी परत आले. आईच्या पश्चात नारायण पेठेतला तीन खोल्यांचा फ्लॅट रिकामा होता. तो दादाच्या नावावर आहे. दादा बाणेरला राहतो. "बंद पडून राहण्यापेक्षा तू राहा," तो म्हणाला, आणि मी राहायला लागले. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी माणसाला आयुष्यभर इथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा. त्यावर पत्ता नसतो.

आरटीओच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने कागद नीट पाहिले. मी परदेशी नागरिक आहे म्हटल्यावर तिने परदेशी लोकांची यादी काढली आणि पोलिसांकडच्या नोंदणीचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा कागद मागितला. मी सांगितलं की ओसीआयवाल्यांना ती नोंदणी करावी लागत नाही. करावी लागत नाही, म्हणून कागद मिळत नाही.

"मग आधार?"

ते निघायला अजून वेळ होता, आणि त्यालाही पत्त्याचा पुरावा हवाच होता.

"मग रजिस्टर्ड भाडेकरार चालेल," ती म्हणाली. "कुठे राहता?"

"भावाच्या घरी."

तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, त्यापेक्षा गाडी भावाच्याच नावावर घ्या ना."

बाहेर फाटकाशी बसलेल्या एजंटने हेच सांगितलं, फक्त आधी दुसरा मार्ग सुचवला. वाकडला कोणाचा तरी फ्लॅट होता, त्याचा करार तो माझ्या नावाने करून देणार होता. मला फ्लॅट बघावाही लागणार नव्हता. मी नको म्हटलं. मालाचे बनावट दाखले पकडण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे यात तत्त्वाचा भाग कमी आणि सवयीचा जास्त होता. एजंटला माझी कीव आली. परक्या माणसाशी करार अर्ध्या दिवसात होतो, घरच्या माणसाशी होत नाही, असं तो म्हणाला. तेव्हा मला ते उगाच बोलल्यासारखं वाटलं.

दादा रविवारी आला, वहिनीने दिलेली पुरणपोळी घेऊन. मी त्याचं खाऊन होऊ दिलं आणि मग विषय काढला. तो हसला.

"वेडी आहेस का तू? बहिणीकडून भाडं घेतो असं सरकारी कागदावर लिहून देऊ?"

"घेऊ नकोस. नुसतं लिहून दे."

"आपल्यात असलं कधी झालंय का? उद्या काकांना कळलं तर?"

काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना त्यांचं स्वतःचं घर कुठल्या मजल्यावर आहे तेही रोज सांगावं लागतं. मी ते बोलले नाही. दादाने मग तोडगा काढल्यासारखा हात पुसला. "गाडी माझ्या नावावर घे. चालव तू. कोण विचारतंय?"

त्याचं खोटं नव्हतं. कोणीच विचारत नव्हतं. विजेचं बिल दादाच्या नावाने येत होतं आणि त्याची आठवण त्याच्या फोनवर जात होती. गॅसचं कनेक्शन अजून आईच्या नावावर होतं. इंटरनेट वहिनीच्या नावावर. कुरिअरवाला दारात उभा राहून बाणेरला फोन करायचा, आणि दादा मला फोन करून सांगायचा की दारात कोणीतरी उभा आहे. दारावरच्या पाटीत मी नव्हते. त्रेपन्न वर्षांची बाई स्वतःच्या कमाईवर जगते आहे, आणि दुधाच्या पिशवीखेरीज तिच्या नावाने या शहरात काही येत नव्हतं. आता गाडीचे दंडही दादाच्या फोनवर जाणार आणि तो मला विचारणार, अगं, तू मंगळवारी चांदणी चौकात काय करत होतीस?

"माझ्याच नावावर पाहिजे," मी म्हटलं.

"हट्टीच आहेस तू," दादा म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या फ्लॅटमध्ये माझाही हिस्सा होता. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मी तीन आठवड्यांसाठी आले होते, तेव्हा आईने हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. आमच्याकडे बहिणी सही करतात. आत्यांनी केली होती, मावशीने केली होती, न करणाऱ्या एका चुलत बहिणीविषयी घरात खालच्या आवाजात बोलत असत. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. मी बॅगा भरत होते, दुसऱ्या दिवशी विमान होतं, आणि कागद न वाचता मी दादाबरोबर जाऊन सही करून आले. मी, जिला पाच रुपयांच्या बोल्टाचाही दाखला वाचल्याशिवाय पुढे सोडता येत नाही.

पुढचे दोन आठवडे दादाने फोन उचलला की तो नेमका गाडी चालवत असायचा. मास्तर एक दिवसाआड विचारायचे. ते कधी घाई करत नसत. एकदा म्हणाले, "तुमची गाडी मी रोज सुरू करून ठेवतो. पेट्रोल माझं जातंय, पण तुमचं राष्ट्रीयत्व ठरेपर्यंत बॅटरी उतरायला नको."

मी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. मी इथे राहते असं सोसायटीच्या पत्रावर लिहून मिळालं तर काही उपयोग होईल का, हे विचारायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला.

"अहो, आता नवीन पत्र कशाला घेताय? दादांची संमती आलीये ना. सगळ्यात आधी त्यांचीच आली."

"कशाला संमती?"

ते गोंधळले. आपण सांगायला नको होतं ते सांगितलं हे त्यांच्या लक्षात आलं, पण पुणेरी माणूस अर्धवट माहिती देऊन थांबत नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार होती. पुढच्या वर्षी सगळ्यांनी घरं रिकामी करून द्यायची. चार महिन्यांपूर्वी ठरलं होतं. म्हणजे मी राहायला आल्यानंतर.

मी जिना चढून वर आले. घरात उभं राहून प्रत्येक गोष्टीकडे पाहिलं, म्हणजे हे काही रडणं वगैरे नव्हे, मी मोजत होते. दोन कपाटं, एक टेबल, पुस्तकांची सहा खोकी. सामान एका टेम्पोत गेलं असतं. कुठे, हे तेवढं माहीत नव्हतं. मी हॉलमधून बेडरूममध्ये गेले आणि परत हॉलमध्ये आले. कडी आतून लावलेली होती, कधीही बाहेर पडता येत होतं, आणि तरी त्या संध्याकाळी मला तिथे श्वास पुरत नव्हता. दारात एक वाहन असतं तर मी नुसती जाऊन आले असते, कुठेही. वाहन शनिवार पेठेत होतं, आणि ते मिळवायला या घराचा पत्ता लागत होता.

दुसऱ्या दिवशी मी बसने बाणेरला गेले. वहिनीने चहा ठेवला आणि आत निघून गेली, त्यावरून तिला सगळं माहीत होतं हे कळलं.

"तुला सांगणारच होतो," दादा म्हणाला.

"कधी?"

"तू नुकती आली होतीस. म्हटलं, जरा स्थिरस्थावर होऊ दे."

"कुठे?"

त्याने कप खाली ठेवला. मग हळूहळू खरं बोलला. बिल्डरला घर मोकळं द्यावं लागतं. कागदावर कोणी राहताना दिसलं तर बिल्डरची सही अडली असती. भाड्याची लाज, काका, हे सगळं पुढे करायला होतं.

"आणि मी निघालेच नाही तर, ही भीती होती," मी म्हटलं.

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मी तुझ्या जागी असते तर मलाही वाटली असती."

मी तपासणीला बसल्यावर जसं बोलते तसं बोलायला लागले. ज्याच्याकडे कागद नाही अशा माणसाला घराबाहेर काढणं अवघड असतं. तो म्हणू शकतो की मी कायमचा राहतोय, हे बापाचं घर आहे. ज्याने करारावर सही केली आहे त्याला काढणं सोपं. तारीख लिहिलेली असते. अकरा महिन्यांचा करार कर, मी म्हटलं, आणि त्यात लिही की मुदत संपली की मी कुठलाही हक्क न सांगता जागा मोकळी करून देईन. बिल्डरला दाखव. तो खूश होईल.

दादाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि मग, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं, ती दिसल्याची लाज.

"तू स्वतःच लिहून देणार?"

"मसुदा उद्या पाठवते. मला गाडी हवी आहे."

निघताना तो म्हणाला की नंतर बाणेरलाच ये, पाहुण्यांची खोली रिकामीच असते. तो मनापासून म्हणाला. मी बघू म्हटलं. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे आणि वहिनीची ट्रेडमिल.

माझ्याकडे आधार नसल्यामुळे करार घरबसल्या होईना, नोंदणी कार्यालयात जावं लागलं. आम्ही दोन तास एका बाकावर बसलो. दादाने दोन्ही बाजूंची फी भरली आणि मला पाणी आणून दिलं. आमचा नंबर आला तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी आधी कागद पाहिला, मग आम्हाला.

"आडनाव एकच दिसतंय."

"बहीण आहे," दादा म्हणाला.

"सख्खी?"

"सख्खी."

साहेबांनी पुढे विचारलं नाही, पण आपल्या सहकाऱ्याकडे एकदा पाहिलं. दादाचे कान लाल झाले. मग फोटो झाले, अंगठे झाले. दादाच्या फोटोत तो चोरी करताना पकडल्यासारखा आला आहे आणि माझ्यात मी पकडणारी. शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "मुदत संपल्यावर जागा सोडायची, बाई. ती अट वाचलीत ना?"

"मीच लिहिली आहे," मी म्हटलं.

त्यानंतर सगळं सरळ झालं. आरटीओच्या त्याच मुलीने करार पाहिला, पासपोर्टची प्रत पाहिली, मास्तरांच्या सह्या पाहिल्या. मास्तर स्वतः आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि फॉर्मवर सही करताना त्यांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. दोन महिन्यांची मुदत संपायला पाच दिवस असताना गाडीचं कार्ड नारायण पेठेत पोस्टाने आलं. पोस्टमनने बाणेरला फोन केला नाही. कार्डावर माझं नाव होतं, म्हणून त्याने माझ्याकडे सही मागितली.

मी चालत शनिवार पेठेत गेले. मास्तरांनी कार्ड खिडकीशी नेलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं. आपलं नाव गेलं आहे याची खात्री करून घेतली. मग पत्त्यावर थांबले.

"ही इमारत पाडणार आहेत म्हणे. माझा एक विद्यार्थी राहायचा तिथे."

"हो. पुढच्या वर्षी."

"मग तुम्हाला पत्ता बदलून घ्यावा लागेल. तेहतीस नंबरचा फॉर्म. नवीन जागेचा पुरावा लागतो." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. "कुठे जाणार?"

"अजून माहीत नाही."

"एकट्या बाईला, त्यातून परदेशी, पेठेत कोणी जागा देणार नाही. मी दिली नसती." त्यांनी हे वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, माहिती म्हणून दिलं. "लांबच बघावं लागेल तुम्हाला."

"लांब चालेल," मी किल्ली उचलत म्हटलं. "गाडी आहे."

त्यांनी कापड काढून त्याची घडी घातली आणि ते स्वतःकडेच ठेवलं. ते किमतीत धरलेलं नव्हतं. मी गाडी फाटकाबाहेर काढली. घर पाच मिनिटांवर होतं, पण रस्ता एकेरी, घराच्या उलट दिशेला जाणारा. मी त्याच दिशेने गेले.