थांबणं सोडून सगळं

घोडेस्वारी आपल्या रक्तातच आहे, असं अप्पा सांगायचे, आणि हे ते बहुतेक वेळा सायकलरिक्षात बसून सांगायचे. आमचे कुणी खापरपणजोबा मराठ्यांच्या घोडदळाबरोबर तंजावरला आले आणि इथलेच झाले. त्यानंतर आमच्या घरात कुणी घोड्याला गवताची काडीसुद्धा घातली नव्हती. तरी दसऱ्याला खोगिराच्या एका गंजलेल्या रिकिबीला हळदकुंकू वाहिलं जायचं आणि अप्पा तिच्यापुढे छाती काढून उभे राहायचे. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांना साधी सायकल येत नव्हती. 'सायकल शिकावी लागते,' ते म्हणायचे, 'स्वार जन्माला यावा लागतो.' आता यावर काय बोलणार, कपाळ.

सगळ्या गोष्टींचा निकाल ते याच कोर्टात लावायचे. मला गणितात कमी मार्क पडले की 'रक्तात नाही'. शेजाऱ्यांची मुलगी वीणा छान वाजवते, तर 'रक्तात आहे'. ती पोर रोज पहाटे सगळ्या गल्लीची झोप मोडून रियाज करते, हे त्यांना ऐकूच येत नसे.

अम्मा गावातल्या सरकारी शाळेत शिक्षिका होती. मुख्याध्यापिका म्हणून तिला दोनदा बढती आली होती, दोन्ही वेळा बाहेरगावी, आणि दोन्ही वेळा अप्पांनी 'आपल्याच्यानं व्हायचं नाही' असं म्हणून तिला नकार कळवायला लावला होता. तिसऱ्यांदा बढती आली ती ओरत्तनाडूच्या पलीकडच्या एका खेड्यातली. शिक्षण खात्यात तिला स्पष्टच सांगितलं गेलं की आता नको म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. अडचण एकच होती. त्या खेड्यात जाणारी सकाळची बस प्रार्थनेची घंटा झाल्यावर पोचायची. मुलांना वेळेवर या म्हणून सांगणारी बाईच उशिरा उगवली, तर तिचं कोण ऐकेल?

'मी सोडीन तुला,' अप्पा म्हणाले.

पूर्वी दुचाकीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत बसावं लागे. त्या वर्षी मात्र देश मोकळा झाला, असं टीव्हीवर सांगत होते. आमच्या गल्लीत तो मोकळेपणा किरमिजी रंगाच्या मोपेडच्या रूपानं आला. अप्पा दुकानात गेले आणि संध्याकाळी हातगाडीवर घालून ती घेऊन आले, कारण चालवत कोण आणणार?

दुसऱ्या दिवशी गाडीला हार घातला, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, आणि लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरून अप्पा डाव्या बाजूनं स्वार झाले. शेजारच्या पोस्टमननी त्यांना ब्रेक दाखवायचा प्रयत्न केला. अप्पांनी त्यांना हातानंच बाजूला केलं. गाडी सुरू झाली, लिंबं फुटली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. वळणाशी एक म्हैस आडवी आली. अप्पांनी घोड्याचा लगाम खेचावा तसं हँडल दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं आणि मोठ्यानं 'हो, हो' म्हणाले. मोपेडची मूठ मागे वळली की ती थांबत नाही, उधळते. म्हैस शहाणी निघाली, ती बाजूला झाली. अप्पा समोरच्या पुदु आरूत, म्हणजे आमच्या कालव्यात, गेले. मे महिना होता, पाणी नव्हतं, पण चिखल भरपूर होता.

वर आल्यावर ते पहिलं वाक्य म्हणाले, 'गाडीत दोष आहे.' आंघोळ झाल्यावर दुसरं म्हणाले, 'नकार कळवून टाक.'

अम्मा त्या संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, शेंगा सोलत बसली होती. सोललेले दाणे ती टरफलांत टाकत होती आणि टरफलं भांड्यात. मला तिच्याकडे बघवेना. तिला ती शाळा हवी होती, फार हवी होती, आणि आमच्या घरात हे तिला मोठ्यानं म्हणायची सवय नव्हती. भांडं भरल्यावर ती म्हणाली, 'मी शिकते चालवायला.'

अप्पा हसले. 'तुझ्या माहेरी सात पिढ्या दप्तर लिहीत बसलेल्या.'

'म्हणजे बसता येतं,' अम्मा म्हणाली. 'पुढचं शिकेन.'

दुसऱ्या दिवसापासून पहाटे राजवाड्यामागच्या मैदानावर आमची शाळा सुरू झाली. अम्मा गाडीवर आणि मी मागून धावणारी. माझी दहावीची परीक्षा झाली होती, सुट्टी सुखानं झोपून काढायचा बेत होता, त्याचे असे बारा वाजले. अम्मा रोज पडायची. पण प्रत्येक पडण्याकडे ती पेपर तपासल्यासारखी बघायची. साडी झटकून म्हणायची, 'काल उजवीकडे पडत होते, आज डावीकडे पडले. सुधारणा आहे.' मला तर कोपरं फुटण्यापलीकडे कसलीच सुधारणा दिसत नव्हती. मी चिडून म्हणाले, 'तुला नाही जमत, सोड.' ती म्हणाली, 'आज नाही जमलं एवढंच तू बघितलंस.' हल्ली आमच्या ऑफिसात टाय लावलेले लोक येऊन ग्रोथ माइंडसेटवर दिवसभर बोलतात, जेवणही देतात. मी मागच्या रांगेत बसते आणि मला त्या कोपरांना लावलेली हळद आठवते.

जूनपर्यंत अम्माला सगळं येऊ लागलं. सुरू करणं, वळणं, बकऱ्यांमधून वाट काढणं. एक थांबणं तेवढं येईना. ब्रेक दाबायला मूठ आवळली की तिचं मनगटही मागे वळायचं आणि गाडी पळायची. मूठ सोडली की गाडी मंदावून डुगडुगायची, मग पडायच्या भीतीनं ती पुन्हा मूठ वळवायची. 'निघता येतंय ना,' ती म्हणाली, 'थांबायचं शाळेत पोचल्यावर बघू.'

पहिल्या दिवशी मी मागे बसले. जीव मुठीत धरून म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कालव्यांवरचे पूल, नारळीच्या बागा, भाताची शेतं सगळी मागे गेली, आणि आम्ही घंटेच्या आधी शाळेच्या फाटकातून आत शिरलो. मुलं प्रार्थनेला रांगेत उभी होती. नव्या मुख्याध्यापिकेनं झेंड्याच्या खांबाला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मुलांच्या माना आमच्याबरोबर फिरत होत्या. एका म्हाताऱ्या शिक्षकांना वाटलं, बाई पाहणीला निघाल्यात. आम्ही समोरून गेलो की ते हात जोडून एकेक माहिती द्यायचे. 'हे पाण्याचं टाकं, बाई.' पुढच्या फेरीला, 'ही पाचवीची खोली, गळते.' त्याच्या पुढच्या फेरीला, 'संडासाला दार नाही.' अम्मा गंभीरपणे मान डोलवायची. शेवटी तिनं शेजारच्या गोठ्याजवळची पेंढ्याची गंजी निवडली आणि आम्ही दोघी त्यात शिरलो.

ती उठली, केसांतला पेंढा काढत मुलांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी सबब सांगणार. ती तमिळमध्ये म्हणाली, 'मी गाडी शिकते आहे. थांबायचं अजून जमत नाही. रोज प्रयत्न करणार आहे, तुम्ही बघा.'

मुलांनी ते फारच मनावर घेतलं. रोज उशिरा येणारी पोरंसुद्धा बाई आज थांबतात का ते बघायला घंटेच्या कितीतरी आधी हजर राहू लागली. गोठ्याचा मालक गंजी रोज नीट रचून ठेवायचा. आणि पाचवीच्या खोलीचं छप्पर आधी दुरुस्त झालं, कारण अम्माला ते तिथल्या तिथे, फिरता फिरता कळलं होतं.

संध्याकाळी घरी थांबायचा प्रश्न अप्पांनी सोडवला. म्हणजे तो त्यांच्यावर येऊन पडला. पहिल्या दिवशी अम्मा दारावरून सरळ पुढे गेली, तेव्हा ते चहाचा पेला ठेवून मागे धावले आणि कॅरियर धरून गाडीबरोबर फरफटत गेले. मग ती रीतच पडली. साडेपाचला वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून, हात पुढे करून अप्पा रस्त्यात उभे. गल्लीतले लोक बाकं बाहेर काढून बसायचे.

आणि एका संध्याकाळी अम्मा आली, मूठ सोडली, बोटांनी तेवढा ब्रेक दाबला, आणि अप्पांच्या हातभर अलीकडे गाडी उभी राहिली. ती पाय टेकून बसली होती, स्वतःच चकित झालेली. अप्पांचे हात तसेच पुढे राहिले. धरायला काहीच नव्हतं. बाकांवरचे लोक जरा हिरमुसून घरात गेले.

अप्पांनी हात खाली घेतले. 'त्या दोन बढत्यांच्या वेळीही तू गेली असतीस,' ते म्हणाले.

'गेले असते,' अम्मा म्हणाली.

तिनं ते गोड करून सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं, आणि अप्पांकडे बघून वाईटही वाटलं. ती उतरली. अप्पा वेष्टीच्या टोकानं सीटवरची धूळ पुसत राहिले. धूळ केव्हाच गेली होती, तरी पुसत राहिले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, 'मला येईल?'

निकाल देणाऱ्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच प्रश्न ऐकत होते.

'आधी पडाल,' अम्मा म्हणाली, आणि पदर खोचून मागचं कॅरियर धरून उभी राहिली.